पंचनाम्यात मजुराचा रकाना कुठे आहे?

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगाव-आर्वी मार्गावर रोहणा हे गाव आहे. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन ही या पट्ट्यातील पिके. जुलै २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, शेते खरडून गेली. अशा वेळी पंचनामा होतो, फोटो काढले जातात. फोटोत काय दिसते? आडवे झालेले पीक आणि ज्याच्या नावावर सातबारा आहे तो शेतकरी. त्याचे नुकसान खरे आहे, त्याला मदत मिळालीच पाहिजे. परंतु त्याच शेतात निंदण आणि वेचणी करणारी भूमिहीन बाई कुठे आहे? तिचे बुडालेले रोज कोणत्या रकान्यात लिहिले जातात? कोणत्याच नाही! पिकाची मदत हेक्टरवर मोजली जाते. ज्याच्याकडे हेक्टरच नाही, त्याचे नुकसान सरकारदरबारी होतच नाही.

म्हणूनच बदलत्या हवामानाचे छायाचित्रण हा फक्त कलादालनात जाणाऱ्यांचा विषय नाही. चित्रात कोण असावे आणि कोण नसावे, हा हक्काचा प्रश्न आहे.

जगात या विषयावर फिल्म आणि कागद वापरून वेगवेगळे प्रयोग झाले. अमेरिकेतील मॅथ्यू ब्रँड्ट याने तलावांचे फोटो काढले आणि ते त्याच तलावांच्या पाण्यात भिजत ठेवले. पाण्याने रंग विरघळले, चित्र बदलले. पण त्यात माणूस नाही. दक्षिण आफ्रिकेचा गिडियन मेंडेल २००७ पासून पूरग्रस्तांचे फोटो जुन्या रोलिफ्लेक्स फिल्म कॅमेऱ्याने काढत आला. बिहारच्या पुरातही तो गेला होता. त्याच्या फोटोत माणसे आपल्या बुडालेल्या घरात उभी राहून थेट आपल्याकडे पाहतात. ती दयेची भीक मागत नाहीत, जाब विचारतात.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. ज्यांच्या श्रमावर शहर जगते, त्यांच्याकडे पाहण्यास त्यांनी शहराला भाग पाडले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तीच नजर आता शिवाराकडे वळली पाहिजे.

त्यासाठी महागडा कॅमेराच हवा असे नाही. १८४२ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी सायनोटाइप ही पद्धत शोधली. लोहाच्या दोन क्षारांचे मिश्रण अंधाऱ्या खोलीत कागदावर लावायचे, वाळवायचे, त्यावर पान ठेवून उन्हात धरायचे आणि पाण्याने धुवायचे. झाकलेला भाग पांढरा राहतो, बाकी कागद निळा होतो. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या बाईंनी १८४३ पासून याच रीतीने समुद्री शेवाळांची नोंद केली. किडीने खाल्लेल्या पऱ्हाटीच्या पानाचे छिद्रन् छिद्र यात उमटते. पाणी अल्कधर्मी असेल तर निळा रंग फिका पडतो. म्हणजे गावचे पाणीही आपली साक्ष देते. आणि विदर्भात उन्हाला काय तोटा?

रोहण्यासारख्या गावातील शिकलेल्या तरुणांनी हे काम हाती घ्यावे. समाजमंदिरात बसून करता येईल असे ते आहे. ज्या दिवशी पाऊस काम बुडवील, त्या दिवशीच्या पिकाचे पान आणि ते पीक राखणाऱ्या हाताचा ठसा एकाच कागदावर उमटवा. खाली तारीख, शिवार आणि बुडालेले रोज लिहा. वर्षभराचे कागद एकत्र केले की ती मजुरांची स्वतःची नोंदवही होईल.

सरकार हा कागद पुरावा मानील काय? आज मानणार नाही. पण १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तेव्हा तरी त्यांच्या हातात कुठे सातबारा होता? मागणी मांडावी लागते आणि मागणीला नोंदीचा आधार लागतो. आपली नोंद दुसरा कोणी ठेवील, या भरवशावर किती काळ राहायचे?

पंचनाम्याच्या कागदात मजुराचा रकाना आला पाहिजे. तो येईपर्यंत आपला कागद आपणच निळा करू या.