खोलीबाहेरची पोरं

पोरगा हाताबाहेर गेला की आपल्याकडे पहिलं बोट आईकडे जातं. ती नोकरी करते, घरात आजी-आजोबा नाहीत, एकत्र कुटुंब राहिलं नाही. निकाल तयारच असतो. मला तो मान्य नाही. का, ते मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगारवस्तीत, फार स्पष्ट दिसतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार, कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि कित्येक गिरण्या पुढे बंदच पडल्या.

लालबाग-परळच्या चाळीतली खोली दहा बाय बाराची. एवढ्याशा जागेत सात-आठ माणसं मावत ती पाळ्यांच्या हिशेबावर. बाप रात्रपाळीला गेला की त्याच्या जागेवर मुलं आडवी व्हायची. तो सकाळी येऊन झोपायचा तेव्हा मुलं शाळेत असायची. संप लांबला आणि हा हिशेब कोलमडला. कर्ता पुरुष दिवसभर घरात, हातात पैसा नाही, उधारीवाला दारात. काहींना दारूचा आधार वाटू लागला. अशा खोलीत सतरा वर्षांच्या पोराने बसायचं कुठे? तो गॅलरीत, मग जिन्याखाली, मग नाक्यावर गेला.

घर बायकांनी तोलून धरलं. कुणी पोळ्या लाटल्या, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी चार घरची धुणीभांडी धरली. कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्यांची तर गिऱ्हाइकंच गावी निघून गेली, तरी त्या दुसरं काहीबाही करत राहिल्या. या बायका बाहेर पडल्या म्हणून मुलं बिघडली, असं म्हणणं त्यांच्यावर उघड अन्याय आहे.

बिघडलं ते दुसरीकडे. गिरणी चालू असताना बाप जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या, कानावर घालून पोराला ‘बदली’ म्हणून चिकटवायचा. पोरगा रोज गेटवर उभा राहायचा. कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसाचं काम मिळायचं. साच्यावर हात बसायला वर्षं लागत, पण उद्या कायम होऊ ही आशा असे. बापाच्या शब्दाला घरात वजन होतं ते या ओळखीमुळेही. गेट बंद झालं आणि मुलाला कामाला लावण्याची बापाची ताकद संपली. ती जागा टोळीतल्या ‘भाई’ने घेतली. निरोप पोचव, सामान लपव, व्यापाऱ्याच्या दुकानावर नजर ठेव. अशा किरकोळ कामांचे रोख पैसे मिळायचे.

पुढे टोळ्यांची नजर गिरण्यांच्या जमिनीवरच गेली. मे १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची भररस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली आणि तिचा संबंध गिरणीच्या जमिनीशी जोडला गेला. नाटककार जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात गिरणी कामगाराचं असंच एक घर उभं केलं, त्यातला एक मुलगा टोळीत आहे.

टोळीत शिरलेल्या अशा पोराला कायद्यानेही सांभाळलं नाही. १९८६च्या बाल न्याय कायद्यात मुलग्यासाठी वयाची मर्यादा सोळा होती. म्हणजे सतरा वर्षांचा पोरगा पकडला गेला की थेट मोठ्यांच्या कोर्टात, मोठ्यांच्या तुरुंगात. ती मर्यादा अठरावर गेली २०००च्या कायद्याने.

आणि तरीही गिरणगावातली बहुसंख्य पोरं टोळीत गेली नाहीत. हे ठासून सांगायला हवं, कारण चित्रपटांनी ती गोष्ट झाकून टाकली. कुणी रात्रशाळेत शिकला, कुणी कबड्डीच्या संघात रमला, कुणी कुरियरची पिशवी खांद्यावर घेतली. त्यांच्याही घरी आई कामाला जात होती, बाप बेकार होता. फरक बहुधा एवढाच की कुणीतरी मोठं माणूस त्यांना हाक मारून कामाला लावत होतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारीही वर्षानुवर्षं दाखवते की पकडल्या गेलेल्या अल्पवयीनांपैकी बहुतेक आईवडिलांकडेच राहणारे असतात. बेघर मुलं त्यांत थोडी. आजच्या कायद्यानुसार परिवीक्षा अधिकारी पकडल्या गेलेल्या मुलाच्या घराची माहिती काढून बाल न्याय मंडळाला पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल देतो. त्या अहवालात आईबापांचं भांडण, व्यसन, कमाई येईल. त्या गल्लीत अठराव्या वर्षी पोराला कोणतं काम मिळू शकतं आणि ते मिळवून द्यायला कोण आहे, हेही त्यात आलं पाहिजे.