जुना टीव्ही पुन्हा सुरू करताना

मुलांनो, एखाद्या घराच्या माळ्यावर तुम्ही जुना टीव्ही पाहिला असेल. लाकडी पेटी, पुढे सरकत्या झडपा आणि मागे मोठे कुबड! आजचा टीव्ही तसबिरीसारखा भिंतीवर टांगतात. हा मात्र दोघांनी मिळून उचलावा लागे. असा बंद पडलेला टीव्ही दुरुस्त कसा करतात, ते पाहू.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्या देशात रंगीत चित्रे आली ती १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. कृष्णधवल असो की रंगीत, त्या काळच्या टीव्हीचा प्राण म्हणजे पिक्चर ट्यूब. ही जाड काचेची मोठी नळी असते. तिच्यातली हवा काढून टाकलेली असते. तिच्या अरुंद मानेत एक तार तापते आणि तिथून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो. तो पडद्याच्या आतल्या लेपावर आदळला की प्रकाशाचा ठिपका उमटतो. मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांच्या चुंबकत्वामुळे झोत आडवा आणि उभा फिरतो. आपल्याकडचे एक चित्र ६२५ रेघांचे असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येत. डोळ्याला वाटे, चित्र हलते आहे!

या झोताला पडद्याकडे ओढायला फार मोठा दाब लागतो. कृष्णधवल संचात तो १०,००० व्होल्टपेक्षा जास्त आणि रंगीत संचात सुमारे २५,००० व्होल्ट असतो. प्लग काढल्यावरही ही वीज नळीत साठून राहते. म्हणून मागचे झाकण तुम्ही कधीही उघडू नका. जाणता मेकॅनिक आधी ही वीज काढून टाकतो. नळीच्या बाहेरून ताणलेल्या उघड्या तारेला तो एक वायर जोडतो. वायरचे दुसरे टोक पेचकसाला बांधतो. मग पेचकसाचे पाते नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवतो. 'चट्' असा आवाज होतो. थोड्या वेळाने तो हेच पुन्हा करतो, कारण थोडी वीज परत जमते. हे काम तो एकाच हाताने करतो. दुसरा हात पाठीमागे! दोन्ही हात लावले तर विजेची वाट छातीतून जाऊ शकते.

मग मऊ ब्रशने धूळ काढायची. जुन्या संचात बहुधा कंडेन्सर बिघडतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षांनी सुकतो, काहींचे डोके फुगते. ते बदलताना धन आणि ऋण टोके उलट लागली, तर नवा कंडेन्सर फुटतो.

पहिल्यांदा वीज देताना मेकॅनिक टीव्हीच्या वाटेत १०० वॉटचा साधा दिवा जोडतो. दिवा पूर्ण तेजाने पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. एकदा चमकून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही. पडद्यावर फक्त एक आडवी पांढरी रेघ दिसली, तर झोत आडवा फिरतो आहे, पण उभा फिरत नाही. दोष कुठे शोधायचा, हे ती रेघच सांगते.

चित्र अगदी फिके आले, तर मात्र नळीच थकलेली असू शकते. नवी नळी दुकानात मिळत नाही. दुसऱ्या मोडक्या संचातली काढून बसवावी लागते. म्हणून जुना संच भंगारात टाकण्यापूर्वी एखाद्या मेकॅनिकला विचारावे.

इतके करूनही पडद्यावर मुंग्याच दिसतील! जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झाले. त्यामुळे सेट टॉप बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये मॉड्युलेटर नावाची छोटी डबी लावतात. मग बटण फिरवून चॅनेल जुळवायचे. आधी आवाज येईल. मानेतली तार तापायला थोडा वेळ लागतो, चित्र त्यानंतर दिसते.