अंतर वाढले, तरी वेळ वाचला! दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानप्रवासाचे गणित

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को या विमानतळांमधील कमीत कमी अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेग धरल्यास हा प्रवास चौदा तासांच्या आत संपायला हवा. प्रत्यक्षात थेट विमानालाही याहून अधिक वेळ लागतो.

सपाट नकाशावर अमेरिका पश्चिमेला दिसते. पृथ्वी मात्र गोल असल्याने दिल्लीहून निघणारी सर्वांत जवळची रेषा उत्तरेकडे, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक प्रदेशातून जाते. ही रेषा विमानाला तंतोतंत पाळता येत नाही. दिल्लीच्या उत्तरेला हिमालय आणि तिबेटचे पठार आहे. विमानातील हवेचा दाब अचानक घटल्यास वैमानिकाला सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते. तेथील जमीनच त्याहून उंच आहे.

दुसरा घटक वाऱ्याचा. उत्तर गोलार्धात मोठ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये याच वाऱ्यांचा लाभ घेत अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून सॅन फ्रान्सिस्को गाठले. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाले. तरीही प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पूर्ण झाला.

तिसरा घटक राजकारणाचा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले हवाई क्षेत्र बंद केले. त्यानंतर दिल्ली व उत्तर अमेरिका यांदरम्यानच्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे उतरावे लागले.

संकटकाळी कोठे उतरायचे, हेही मार्ग आखताना ठरवावे लागते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील बिघाडामुळे रशियातील मगदान येथे उतरले. त्यातील २१६ प्रवासी दुसऱ्या विमानाने ८ जून रोजी इच्छित स्थळी पोहोचले.

तिकिटावरील वेळाही फसव्या वाटतात. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ भारताच्या साडेबारा तास, तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. उन्हाळ्यात दिल्लीहून पहाटे चारला निघालेले विमान सोळा तास उडाले, तरी तेथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. परतताना हेच अंतर अंगावर येते आणि तारीख पुढे सरकते.

गोव्याहून अमेरिकेला थेट विमान नाही. वाटेत विमान बदलावेच लागते. त्यामुळे तिकीट काढताना केवळ सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा न पाहता एकूण प्रवासकाल तपासावा. पुढील विमानाचे तिकीट स्वतंत्र काढले असल्यास दोहोंमध्ये पुरेसा अवधी ठेवावा. किलोमीटर तेवढेच राहिले, तरी तास तेवढेच राहतील याची हमी नसते.