आठवण हरपलेल्यांचे घर

तालुक्याच्या एस.टी. स्थानकावर पहाटेच्या पहिल्या गाडीपाशी एखादे सेवानिवृत्त गुरुजी येऊन उभे राहतात. अंगात धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी, पायांत मात्र दोन निरनिराळ्या चपला. शाळा भरायची वेळ झाली, असे ते वाहकाला सांगतात. निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षे लोटलेली असतात. वाहक ओळखीचा असला तर गुरुजींना चहा पाजून घरी निरोप धाडतो. नसला, तर गुरुजी कुठल्या तरी परक्या गावी उतरतात आणि दिवेलागणीपर्यंत घरच्यांची धावाधाव सुरू राहते. असा प्रसंग कानांवर आला नाही असे गाव आता विरळाच.

'वय झाले' एवढ्यावर लोक हा विषय संपवतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द आपल्या भाषेत रुळलेलाच आहे. दोन्हींत थट्टा आहे आणि दोन्हींत चूकही आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हा वार्धक्याचा अटळ भाग नव्हे. मेंदूच्या पेशी क्रमाक्रमाने निकामी करणाऱ्या अनेक रोगांचा तो परिणाम आहे. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगन येथे ज्या स्त्रीरुग्णाची हकिगत प्रथम मांडली, ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. आज जगातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांना त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आजार असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्याने येणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा मोठा प्रकार होय, आणि त्याचे धागे रक्तदाब व मधुमेहाशी जुळलेले आहेत.

नाव बदलल्याने आजार बरा होत नाही, हे खरे. पण दृष्टी बदलते. जपानमध्ये या आजारासाठी रूढ असलेल्या शब्दाचा अर्थ मूर्खपणाकडे झुकणारा होता. तो रुग्णाचा अवमान करतो म्हणून शासनाने २००४ च्या डिसेंबरात तो अधिकृत व्यवहारातून काढून टाकला आणि 'आकलनाचा विकार' अशा अर्थाचा नवा शब्द स्वीकारला. मराठीत 'म्हातारचळ' हा शब्द कोणी शासकीय कागदावर लिहीत नाही. चावडीवर मात्र तो सर्रास ऐकू येतो.

भारतात ६० वर्षांवरील लोकांमध्ये या आजाराचे प्रमाण ७.४ टक्के असून रुग्णसंख्या सुमारे ८८ लाख आहे, असा अंदाज देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. हा शहरी, सुखवस्तू घरांचा आजार आहे, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दार कोणाला उघडे?

अशा व्यक्तीला सांभाळते कोण? बहुतेक घरी सून, लेक किंवा स्वतःच सत्तरीला टेकलेली पत्नी. दिवसरात्र पहारा, एकच प्रश्न पन्नास वेळा, मध्यरात्री दार उघडून बाहेर पडण्याची धडपड, कपड्यांत होणारे मलमूत्र, आणि जिने आयुष्यभर मायेने वागवले त्याच सासूने 'माझे पैसे हिने चोरले' म्हणून शेजाऱ्यांपुढे केलेला आरोप. हे वर्ष-दोन वर्षे नव्हे, कित्येकदा आठ-दहा वर्षे चालते. अखेर घरची माणसे थकतात आणि वृद्धाश्रमाची चौकशी करू लागतात. तेथे पहिलाच नियम समोर येतो, तो म्हणजे स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश. आपल्याकडील पुष्कळशा वृद्धाश्रमांची उभारणीच निराधार, पण चालत्याफिरत्या वृद्धांसाठी झाली आहे. राज्यात १९९५ पासून सुरू झालेल्या मातोश्री वृद्धाश्रम योजनेचा मूळ हेतूही आसरा देण्याचा होता, शुश्रूषेचा नव्हता. ज्याला आसऱ्याची सर्वाधिक निकड, त्यालाच दार बंद, अशी ही स्थिती आहे. मुंबई-पुण्याकडे केवळ स्मृतिभ्रंशासाठी चालवलेली खासगी निवासी केंद्रे निघाली आहेत. त्यांचे मासिक शुल्क निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला सहसा पेलत नाही.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ याच्या कलम १९ नुसार राज्य शासन टप्प्याटप्प्याने, प्रारंभी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, याप्रमाणे निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम स्थापन करू शकते. 'करू शकते' हे शब्द अधिकारीवर्गाच्या सहज लक्षात येतील. कलम २० मध्ये जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी राखीव सुविधा आणि झीज घडवणाऱ्या आजारांवरील उपचारांचा विस्तार यांचा उल्लेख आहे. ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारत योजनेखाली वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागले. पण ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षांच्या निवासी सांभाळाचा खर्च त्यात बसत नाही.

आधी तपासणी, मग निर्णय

निवासी केंद्राचा विचार करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य व्हावी. विसरणारा प्रत्येक वृद्ध स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नसतो. थायरॉइडचा बिघाड, ब १२ जीवनसत्त्वाची उणीव, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्ग, नको त्या औषधांची सरमिसळ यांपैकी कशानेही माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, आणि यांवर इलाज आहे. चार दिवसांत अचानक बिघडलेल्या माणसाला तर तातडीने रुग्णालयातच न्यावे.

रुग्ण ओळखणार कोण, याचे उत्तर गोव्यातून मिळाले. तेथील वृद्धांच्या मानसिक आरोग्यासंबंधीचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांना आपल्या दवाखान्यात असे रुग्ण क्वचितच भेटत. गावात घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना मात्र ते चटकन ओळखू येत. लोक याला आजारच मानत नसत, म्हणून दवाखान्याची पायरी कोणी चढत नसे. वृद्धांचा सांभाळ पुष्कळदा मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेवर अवलंबून असतो, असेही त्याच अभ्यासात आढळले. तलाठी कार्यालयात ज्यांनी फेरफारांच्या नोंदी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

चांगले केंद्र कसे असते?

नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या वेस्प या गावी एक साधे, मजल्यांवर मजले असलेले शुश्रूषागृह होते. लांब दालने, सामायिक बैठकीची खोली आणि पांढऱ्या गणवेशातील कर्मचारी. आपल्या आईवडिलांना आपण येथे ठेवू का, असा विचार १९९० नंतरच्या काळात तेथील काही कर्मचाऱ्यांच्याच मनात आला आणि उत्तर नकारार्थी निघाले. त्या विचारातून पुढे 'होगेवेक' ही वसाहत उभी राहिली आणि २००९ साली पूर्ण झाली. एकेका घरात सहा-सात रहिवासी, स्वयंपाक त्याच घरात, आवारात वाणसामानाचे दुकान, उपाहारगृह, रंगमंदिर, बाग. कर्मचारी साध्या वेषात असतात. कोणी कोणत्या घरात राहावे, हे आजाराच्या अवस्थेवरून नव्हे, तर पूर्वायुष्याच्या राहणीवरून ठरते. डच वसाहतींच्या काळी इंडोनेशियात आयुष्य घालवलेल्यांसाठी तेथे प्रारंभी निराळे घर होते आणि त्यात तशाच चवीचे जेवण रांधले जाई. वसाहतीच्या आत फिरण्यास मज्जाव नाही. बाहेरच्या दारावर मात्र लक्ष असते. हा सारा देखावा आहे, अशी टीका काहींनी केली. टीकेत तथ्य नाही असे नाही; परंतु कुलूपबंद दालनाच्या तुलनेत हा देखावा पुष्कळ दयाळू म्हणावा लागेल. जपानमध्येही २००० साली दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाल्यानंतर छोट्या सामूहिक घरांचा मोठा प्रसार झाला. त्यांत एका गटात नऊंहून अधिक रुग्ण ठेवत नाहीत.

एवढा पैसा आपल्याकडे कोठून आणायचा, असा प्रश्न येथे साहजिकच निघेल. बांधकामाला पैसा लागतो, हे कबूल. पण या उदाहरणांतला गाभा बांधकामाचा नाही. लहान गट, ओळखीची कामे आणि माणसाच्या पूर्वायुष्याची माहिती हा तो गाभा आहे, आणि त्याला लागणारा खर्च मुख्यतः मनुष्यबळाचा व प्रशिक्षणाचा आहे.

आजी सायंकाळी दाराशी उभ्या राहतात आणि 'मला घरी जायचंय' म्हणतात. बहुतेक केंद्रांत रोज ऐकू येणारे हे वाक्य. 'आजी, हेच तुमचं घर' हे उत्तर त्यांना पटत नाही, आणि वाद घातला की त्या चिडतात. घर म्हणजे अनेकदा माहेर असते, किंवा लेकरे शाळेतून परतायची वेळ असते. 'घरी कोण कोण आहे, आजी?' असे विचारणारी, त्यांच्याबरोबर अंगणात दोन फेऱ्या मारणारी आणि मग निवडायला मेथीची जुडी पुढे ठेवणारी मदतनीस त्यांना शांत करू शकते. तिन्हीसांजेला या रुग्णांची बेचैनी पुष्कळदा वाढते. त्या वेळी खोलीत भरपूर उजेड असावा, दूरदर्शन संचाचा गोंगाट नसावा. देवापुढे दिवा लावणे, हरिपाठ, जुनी भजने यांचा उपयोग येथे होतो, कारण लहानपणी मुखोद्गत झालेले शब्द अलीकडच्या घटनांपेक्षा फार काळ टिकतात. आपल्या मुलाचे नाव न आठवणारी वृद्धा अभंग अखेरच्या चरणापर्यंत म्हणते, हा अनुभव दुर्मिळ नाही.

भाषेचेही तसेच. उत्तरायुष्यात शिकलेली भाषा बहुधा आधी ओसरते आणि बालपणीची बोली उरते. खानदेशातून येऊन चाळीस वर्षे मुंबईत प्रमाण मराठी बोललेल्या बाई अहिराणीतच बोलू लागतात. ती समजणारे कोणी जवळ नसेल, तर त्यांची साधी तहानही 'त्रास देणे' ठरते.

घराची मांडणी म्हणाल, तर बऱ्याच गोष्टी बिनखर्चाच्या आहेत. शौचालयाचे दार भिंतीहून वेगळ्या, ठळक रंगाचे असावे आणि रात्री तेथे दिवा जळत राहावा. चकाकणारी फरशी रुग्णाला पाण्यासारखी भासते, काळी चौकट खड्ड्यासारखी. आरशातले माणूस परके वाटून काही जण घाबरतात. अशा वेळी आरसा झाकावा. पांढऱ्या ताटातला पांढरा भात न दिसल्याने उपाशी राहणारे रुग्ण असतात. त्यांना भूक नाही असे समजून ताट उचलले जाते.

बांधणे आणि झोपवणे

मनुष्यबळ कमी पडले की दोन सोपे मार्ग सुचतात, ते म्हणजे खाटेला बांधणे किंवा गुंगीचे औषध देणे. येथे कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत भान व स्मृती यांतील गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे. या कायद्याने साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी केली आहे. अन्य प्रकारचे शारीरिक बंधन केवळ तत्काळ धोका टाळण्यासाठी, दुसरा उपाय नसताना, मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने आणि आवश्यक तेवढ्याच वेळापुरते घालता येते. कर्मचाऱ्यांची कमतरता हे त्याचे कारण होऊ शकत नाही.

औषधांविषयीही सावधगिरी हवी. उन्मादावरील औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली दिला. इंग्लंड सरकारसाठी २००९ साली तयार झालेल्या अहवालात असे दिसून आले की तेथील सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधे दिली जात होती आणि त्यांपैकी सुमारे ३६ हजारांनाच त्यांचा काही लाभ होत होता. वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यूंशी त्या अहवालाने या औषधांचा संबंध जोडला. आरडाओरडा करणाऱ्या वृद्धाचा दात दुखत असेल, पोट साफ झाले नसेल, हे आधी पाहावे लागते. औषध लागतेच, तेव्हा ते तज्ज्ञाने ठरवावे आणि ठरावीक मुदतीने त्याचा फेरविचार व्हावा.

गाव, शाळा आणि कार्यालय

सर्वांनाच केंद्रात ठेवावे लागते असे नाही. गोव्यातीलच ८१ कुटुंबांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. बारावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांना अल्प प्रशिक्षण देऊन, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, रुग्णांच्या घरी सहा महिने पाठवण्यात आले. आजार कसा हाताळावा याची माहिती, धीर आणि गरजेनुसार डॉक्टरांशी गाठ, एवढेच त्यांचे काम. सांभाळणाऱ्या नातलगांचे मानसिक स्वास्थ्य त्यामुळे सुधारले. आशा कार्यकर्ती प्रत्येक गावात आहे, तेव्हा असा उपक्रम आपल्या आवाक्यापलीकडचा मानण्याचे कारण नाही. दिवसभर रुग्ण सांभाळणारे केंद्र एखाद्या रिकाम्या समाजमंदिरातही चालू शकेल. सुनेला शेतावर जाता आले, रात्री नीट झोपता आले, तर वृद्धाश्रमाची वेळ पुष्कळ लांबते.

ग्रामपंचायत सदस्यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष पुरवावे. आजाराच्या प्रारंभी रुग्णाला आपले हित समजत असते. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत याचे आगाऊ निर्देश देण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने त्याला आहे. तो तेव्हाच वापरला पाहिजे. पुढे भान गेल्यावर घेतलेला अंगठा हा त्याचा निर्णय नसतो. जमीन किंवा घर मुलांच्या नावे करताना सांभाळाची अट दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली असावी. ती पाळली गेली नाही तर २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. वृद्धाला वाऱ्यावर सोडून देणे हा त्याच कायद्याखाली तीन महिन्यांपर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

निवासी केंद्रात नातलगाला ठेवताना शुल्क आणि खाटांची चौकशी सारेच करतात. त्याबरोबर रात्री किती कर्मचारी जागे असतात, हे विचारावे. केंद्राची नोंदणी पाहावी, न कळवता दुपारच्या वेळी भेट द्यावी आणि रहिवासी उठून बसलेले आहेत की साऱ्या खाटांवर माणसे निजलेली आहेत, ते आपल्या डोळ्यांनी पाहावे. प्रवेशाच्या दिवशी डॉक्टरांच्या कागदांसोबत एक साधे पानही द्यावे. त्यावर व्यक्तीला घरी काय म्हणून हाक मारत, ती किती वाजता उठे, चहा गोड की फिका, कोणते काम हाताला सवयीचे आणि कशाची भीती वाटते, हे लिहिलेले असावे. हे पान कपाटात ठेवण्यासाठी नसून रात्रपाळीच्या मदतनिसाला वाचून दाखवण्यासाठी आहे. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्याविषयीची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.