युद्धनौकांचे मध्यायुष्य आणि आखडता हात

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत ‘बेतवा’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका सुक्या गोदीतून पुन्हा पाण्यावर आणली जात असता कलंडली आणि दोन नौसैनिक प्राणास मुकले. जुलै २०२४ मध्ये त्याच गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ‘ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. आग विझली, परंतु नौका एका कुशीवर कलली आणि आणखी एका नौसैनिकाचा बळी गेला. या दोन्ही नौका एकाच वर्गातील. शत्रूच्या तोफा त्यांच्यावर धडाडल्या नव्हत्या की भर समुद्रात वादळाने त्यांना गाठले नव्हते. त्यांच्यावरचे संकट ओढवले ते गोदीच्या आश्रयाला आल्यानंतर.

या अपघातांची कारणमीमांसा करणे हे चौकशी समित्यांचे काम आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावे. परंतु या वर्गातील तिसरी नौका ‘बियास’ हिच्या मध्यायुष्य नूतनीकरणाचा ३१३.४२ कोटी रुपयांचा करार ऑक्टोबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने कोचीन शिपयार्डशी केला. त्यामुळे एक व्यापक प्रश्न समोर येतो. पैसा मर्यादित असताना अर्धे आयुष्य उलटलेल्या युद्धनौकांचे काय करावे? हा प्रश्न केवळ नौदलाच्या अधिकाऱ्यांचा नाही. ज्यांच्या करातून हा खर्च होतो आणि ज्यांची मुले या नौकांवर चाकरी करतात, त्या सर्वांचा तो आहे.

फ्रिगेट ही मध्यम आकाराची, परंतु बहुतेक सर्व कामांची नौका. व्यापारी जहाजांना संरक्षण देणे, पाणबुड्यांचा माग काढणे, विमानहल्ल्याला तोंड देणे ही कामे तिच्यावर पडतात. तिचा पोलादी सांगाडा नीट जपला तर तीस वर्षे टिकतो. मात्र तिची रडार यंत्रणा, संगणक आणि क्षेपणास्त्रे पंधरा वर्षांतच कालबाह्य होऊ लागतात. घराच्या भिंती शाबूत असाव्यात आणि आतील विजेच्या तारा मात्र कुजाव्यात, तशी ही स्थिती असते. म्हणून आयुष्याच्या मध्यावर नौका गोदीत घेऊन तिचे अंतरंग बदलावे लागते. ‘बियास’च्या बाबतीत तर हृदयच बदलायचे आहे. वाफेवर चालणारी ही नौका डिझेल इंजिनांवर आणली जाणार असून तिच्या वर्गात हा पहिलाच प्रयोग आहे. वाफेची ही परंपरा माझगाव गोदीत बांधलेल्या आणि १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या पहिल्या ‘निलगिरी’पासून चालत आलेली. बॉयलर तापवून वाफ धरायला वेळ लागतो, यंत्रघरात माणसे अधिक लागतात, आणि जसजशा अशा नौका कमी होतात तसतसे सुटे भाग व जाणते हातही दुर्मीळ होतात.

नूतनीकरणाचा मोह पडतो तो किमतीमुळे. जानेवारी २०२५ मध्ये जी नवी ‘निलगिरी’ नौदलात आली, तिच्या वर्गातील सात नौकांची योजना सुमारे ४५,००० कोटी रुपयांची, म्हणजे एका नौकेमागे सहा हजार कोटींहून अधिक. त्या तुलनेत ‘बियास’चा करार विसाव्या हिश्श्याचा. कोणत्याही अर्थमंत्र्याला हा सौदा स्वस्तच वाटेल. परंतु जुन्या वस्तूच्या दुरुस्तीचा खरा खर्च ती उघडल्यावरच कळतो, हा अनुभव घराची डागडुजी काढणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला आहे. राष्ट्रांचा अनुभव याहून निराळा नाही.

ब्रिटनचे उदाहरण घ्या. तेथील ‘टाइप २३’ वर्गाच्या फ्रिगेट अठरा वर्षांच्या सेवेच्या अंदाजाने बांधल्या गेल्या. त्यांची जागा घेणाऱ्या नौकांचे निर्णय लांबत गेले आणि अठराची तिशी झाली. मग ‘वेस्टमिन्स्टर’ आणि ‘नॉर्थम्बरलँड’ या १९९४ च्या दोन नौका दुरुस्तीसाठी तपासल्या, तेव्हा त्यांची अवस्था इतकी खालावलेली आढळली की त्यांच्यावर खर्च करणे परवडणारे राहिले नाही. २०२४ मध्ये दोघींच्याही निवृत्तीची घोषणा झाली. नव्या नौकांवरचा खर्च पुढे ढकलून जे वाचल्यासारखे वाटले, ते असे वसूल झाले.

ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये सहा फ्रिगेटांच्या नूतनीकरणाचा करार केला. काम अनेक वर्षे रखडले आणि सहांपैकी दोन नौका योजनेतून वगळून निवृत्त कराव्या लागल्या. उरलेल्या चार नव्या साजात समुद्रावर आल्या तोवर त्यांचे वय झाले होते. त्यांतील ‘सिडनी’ २०१५ मध्ये निवृत्त झाली आणि अखेरच्या दोन २०२० मध्ये चिलीकडे गेल्या. पदरी पडलेले आयुष्य आणि ओतलेला पैसा यांचा मेळ घालताना तेथील हिशेबनिसांची दमछाक झाली असेल.

न्यूझीलंडची गोष्ट आपल्याला अधिक विचार करावयास लावणारी आहे. त्या देशाकडे फ्रिगेट दोनच, ‘ते काहा’ आणि ‘ते माना’. २०१४ मध्ये त्यांच्या नूतनीकरणासाठी ४४.६ कोटी न्यूझीलंड डॉलर मंजूर झाले. २०१७ च्या अखेरीस तो आकडा ६३.९ कोटींवर गेला. तूट भरून काढण्यासाठी पाणबुड्यांचे व किनारी सर्वेक्षणाचे काम करणाऱ्या नव्या जहाजाच्या तरतुदीला कात्री लागली आणि त्याऐवजी एक वापरलेले व्यापारी जहाज विकत घेण्यात आले. ‘मनावानुई’ या नावाने दाखल झालेले ते जहाज ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआजवळ प्रवाळखडकावर आदळून बुडाले. स्वयंचलित सुकाणू बंद न करण्याची मानवी चूक त्याला कारण झाल्याचे चौकशीत आढळले. तेव्हा या दुर्घटनेचे खापर फ्रिगेटांच्या खर्चावर फोडणे अन्यायाचे होईल. परंतु एका नौकेचा चुकलेला अंदाज दुसऱ्या नौकेच्या ताटातला घास कसा काढतो, हे मात्र त्यातून स्पष्ट दिसते.

याच्या उलट कॅनडा. तेथे २००८ मध्ये मुख्य करार झाला, २०१० मध्ये पहिली नौका गोदीत गेली आणि बाराच्या बारा फ्रिगेट एकामागून एक नव्या झाल्या. सात पूर्व किनाऱ्यावर हॅलिफॅक्सला, तर पाच पश्चिमेला व्हिक्टोरियाला. सुमारे ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या चौकटीत हे काम पार पडले. यात जादू काही नव्हती. एकच आराखडा, ठरावीक गोद्या, ओळीने येणारे काम आणि वर्षानुवर्षे न आटणारी तरतूद, एवढेच त्याचे रहस्य. पहिल्या नौकेवर कारागिरांनी केलेल्या चुका दुसरीवर झाल्या नाहीत. तरीही हे यश अपुरेच. नव्या नौका २०३० नंतरच येणार असल्याने १९९२ पासून दाखल झालेल्या या फ्रिगेटांना आता चाळिशीकडे वाटचाल करावी लागत आहे.

या अनुभवांचे तात्पर्य असे की पैशाच्या तंगीहून निर्णयाची दिरंगाई अधिक महाग पडते. नौकेच्या दहाव्या-बाराव्या वर्षीच तिच्या सांगाड्याची कसून तपासणी व्हावी आणि ती झाल्याखेरीज खर्चाचा आकडा कोणी उच्चारू नये. अंदाजात अनपेक्षित दुरुस्तीसाठी राखीव रक्कम उघडपणे धरावी. ती न धरता अंदाजपत्रक कमी दाखवणे ही काटकसर नव्हे, आत्मवंचना आहे. सर्वच नौका वाचवण्याचा हट्टही सोडावा. कोणती नौका नवी करायची आणि कोणती निवृत्त करायची हे आधी ठरवले, तर दोन नौकांवर अर्धामुर्धा खर्च करण्याची पाळी येत नाही. आणि कितीही कपात झाली तरी गोदीतील सुरक्षिततेला हात लागता कामा नये. दुरुस्तीच्या काळात नौकेवर जोडकामाच्या ठिणग्या उडत असतात, दारांतून तारा गेलेल्या असतात, स्वतःची आग विझवण्याची व्यवस्था अनेकदा खोललेली असते. पहारेकरी आणि अग्निशामक यांच्यावरचा पैसा तेथे वायफळ नसतो.

शाळांना छप्पर नसताना युद्धनौकांवर एवढा खर्च कशाला, असे विचारणारा शिक्षक चुकत नाही. त्याचा प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्या देशाचा बहुतांश व्यापार समुद्रमार्गे चालतो, त्याला नौदल ठेवावेच लागते. मग प्रश्न उरतो तो त्यावरचा पैसा नीट लागतो की नाही एवढाच. वेळेवर न केलेल्या दुरुस्तीपायी जो रुपया वाया जातो, तो शाळेच्या छपरालाही मिळत नाही आणि नौकेलाही उपयोगी पडत नाही. संसदेत दरवर्षी संरक्षणाच्या मागण्या मंजूर होताना नव्या नौकांची नावे टाळ्या घेतात. जुन्या नौकांची यादी, त्यांचे वय आणि त्यांच्या दुरुस्तीचे वेळापत्रकही तितक्याच आवर्जून मागितले जावे. ‘बेतवा’ आणि ‘ब्रह्मपुत्रा’वर जे तिघे गेले, त्यांच्या आठवणीला एवढे तरी आपण देणे लागतो.