खेकड्याच्या सांध्यातला पहारेकरी

पावसाळ्यात कयाधू नदीच्या काठी रात्री बॅटरी घेऊन खेकडे धरणाऱ्यांनी हे नक्की पाहिलं असेल: खेकडा चिखला-दगडांतून आडवा सुसाट पळतो, पण त्याचे आठ पाय एकमेकांत अडकत नाहीत. पायांकडे बघायला त्याला ना सवड, ना उजेड. मग कोणता पाय किती वाकलाय, हे त्याला कळतं कसं?

उत्तर सांध्यात आहे. कवचाच्या आत, सांध्यापाशी लवचीक तंतूंची बारीक पट्टी असते. दार आपोआप लागावं म्हणून आपण चौकटीपासून फळीपर्यंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठोकतो ना, तशीच. सांधा एकीकडे वळला की ती ताणते, दुसरीकडे वळला की सैलावते. तिच्यात चेतापेशींची टोकं रुतलेली असतात. त्यांची कामाची वाटणी मोठी देखणी आहे: काही पेशी सांधा वाकतानाच बोलतात, काही सरळ होतानाच, आणि काही तो स्थिर असतानाही त्याची स्थिती कळवत राहतात. दिशेचा हा भेद विअर्स्मा आणि बोएटिगर यांनी 1959 मध्ये युरोपातल्या समुद्री खेकड्यात नोंदवला.

2021 चं नोबेल शास्त्रज्ञ पटापूटियन यांना ताण ओळखणाऱ्या प्रथिनांसाठी मिळालं, तेव्हा शरीराला आपल्या हालचालींचं भान असतं हेच जणू नव्याने सापडलं, असा गाजावाजा झाला. शोध मोठाच. पण मला आठवतो अलेक्झांड्रोविच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात, प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या पोलिश शास्त्रज्ञाने 1951 मध्ये शेवंडाच्या पोटाच्या भागातल्या ताणग्राही पेशींचं वर्णन केलं. पेशी मोठ्या, मेंदूपासून दूर, स्नायूवरच बसलेल्या. प्रयोगाला याहून सोयीचं काय हवं? कुफलर आणि आयझागीर यांनी 1955 मध्ये गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या अशाच पेशींत सूक्ष्म विद्युताग्रं खुपसून त्यांचे संदेश टिपले. मेंदूच्या अर्कातला कोणता पदार्थ चेतापेशींना गप्प करतो, हेही याच पेशींवर तपासलं गेलं. तो निघाला गाबा, आपल्या मेंदूला आवर घालणारं मुख्य रसायन. एवढं सगळं या जिवांनी शिकवलं, पण अलेक्झांड्रोविचचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

हाती खेकडा लागलाच, तर नांग्या सांभाळून त्याच्या एखाद्या पायाचं टोक हलकेच वाकवून बघा. तो पाय उलट्या दिशेला जोर लावतो. सांध्यातल्या पट्टीने हालचाल कळवली आणि स्नायूंनी विरोध केला. एवढं पाहून झालं की त्याला सोडून द्या.