सुट्या रिंगेची चाके : हवा भरताना घ्यावयाची खबरदारी

शेतकऱ्याचा माल शेतातून निघून पेठेत पोहोचेपर्यंत ज्या वस्तूंवर त्याची मदार असते, त्यांत चाक ही प्रमुख होय. बैलगाडीच्या चाकाची आपणांस पिढीजात माहिती आहे. धाव सैल झाली किंवा आरा हलू लागला, तर ते लहान पोरासही कळते. मालमोटारीच्या चाकाविषयी मात्र आपल्या लोकांत फार अज्ञान आहे, आणि ते प्राणावर बेतणारे असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईचा कापूसबाजार १९२० नंतरच्या दशकात कुलाब्याहून शिवडी-माझगावकडील भराव जमिनीवर आला, तेव्हापासून शिवडीचे नाव कापूस पिकविणारांस परिचयाचे आहे. तेथे बंदराच्या रस्त्यांलगत उभ्या असलेल्या मालमोटारींची चाके उघडताना व बसविताना आम्ही पुष्कळदा पाहिली. पंक्चर काढणारा पोरगा चाक जमिनीवर आडवे टाकतो, त्यावर पाय देऊन हवा सोडतो, आणि रिंग नीट बसेना म्हणजे हवा चालू असतानाच तीवर घण मारतो. पाहणारास हे कसब वाटते. वस्तुतः तो मृत्यूच्या तोंडावर उभा असतो.

हे कसे, ते सांगतो. जुन्या मालमोटारींचे टायर जाड व ताठ असल्याने ते अखंड रिमवर चढविणे कठीण पडे. म्हणून रिमची एक कड सुटी करून तिची निराळी रिंग करीत, व ती रिमच्या खाचेत अडकवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी लॉऱ्या, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या डॉज, व १९५४ पासून जमशेदपुरास होऊ लागलेल्या टाटा-मर्सिडीज या गाड्यांपासून अशी चाके आपल्याकडे सर्वत्र पसरली. नव्या गाड्यांत बिनट्यूबचे टायर व अखंड रिम येऊ लागले आहेत, तरी जुन्या मालमोटारींस, ट्रॉल्यांस व टायरगाड्यांस सुट्या रिंगेची चाके अद्याप आढळतात.

आता हिशेब पाहा. वीस इंची रिमवरील मोठ्या टायरच्या एका बाजूचे क्षेत्र सुमारे हजार चौरस इंच भरते. दर चौरस इंचास शंभर पौंड हवा भरली, तर त्या बाजूवर लाख पौंड, म्हणजे सुमारे ४५ टन जोर येतो. त्याचा बराच अंश ती रिंग व तिची खाच तोलून धरतात. खाच गंजली असेल, रिंग वाकली असेल, किंवा एका चाकाची रिंग दुसऱ्यास लावली असेल, तर ती तोफेच्या गोळ्याप्रमाणे उडते. शिवडीसारख्या खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो; खतांची व मिठाची पोती वाहणाऱ्या गाड्यांचेही तेच.

आम्ही मुलखी खात्यात कारकून असताना एका विधवेचा मदतीचा अर्ज आमच्या हातून गेला. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘टायर फुटला’ एवढेच शब्द होते. सोबतचे जबाब वाचता टायर शाबूत होता, उडाली ती रिंग, असे दिसले. कागदावर दोष टायरास लागला, रिंग कोणी तपासली नाही, व ती पुन्हा कोणा चाकास बसली की काय हे कोणी विचारले नाही.

अमेरिकेत १९८० साली या कामाविषयी सक्तीचे नियम झाले. त्यांतील व अनुभवी कारागिरांच्या रीतींतील मुख्य गोष्टी येणेप्रमाणे आहेत :

१. चाक खोलण्यापूर्वी वॉल्व्हची पिन काढून सर्व हवा जाऊ द्यावी. जोडचाके असल्यास नट सैल करण्यापूर्वी दोन्ही टायर रिकामे करावेत.

२. रिम, खाच व रिंग तारेच्या ब्रशाने घासून पाहावी. तडा, वाक किंवा खोल गंज दिसल्यास तो भाग मोडीत घालावा. डाग देऊन किंवा तापवून सरळ करून तो वापरू नये.

३. एका बनावटीची रिंग दुसऱ्या रिमवर कदापि बसवू नये.

४. नेमलेल्या हवेच्या चार पंचमांश किंवा त्याहून कमी हवेवर टायर चालला असेल, तर चाक उघडून तपासल्यावाचून त्यात हवा भरू नये.

५. हवा लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरावी. नळी लांब व पकडीची असावी. माणसाने रिंगेसमोर उभे राहू नये.

६. हवा भरलेल्या चाकाची रिंग ठोकू नये, व टायर चढलेल्या रिमला वेल्डिंग करू नये. टायर आतून तापून स्फोट होतो.

लष्करी गाड्यांत दोन अर्धी बोल्टांनी जोडलेली रिमही असते. ब्रिटिश सैन्यात तिच्या नटांस तांबडा रंग देण्याची चाल होती. हेतू हा की, हवा असता कोणी ते सोडू नयेत. जुनी जीप किंवा लॉरी बाळगणारांनी हा भेद चालकास दाखवून ठेवावा.

पिंजरा म्हणजे चार सळया जोडल्या असे नव्हे. रिंग उडाल्यास येणाऱ्या जोराच्या दीडपट जोर त्याने सोसला पाहिजे, म्हणून तो जाणत्या कारखान्याकडूनच घ्यावा. एकट्यास खर्च जड वाटल्यास गावच्या सोसायटीने एक घेऊन ठेवावा. तोवर पिंजरा नसलेल्या दुकानात चाक देऊ नये, व ‘लवकर आटप’ म्हणून पोरास घाई करू नये. माल एक दिवस उशिरा पेठेत गेला, तर भावात चार पैशांचे नुकसान होईल, तेवढे सोसावे. कोणाचा तरी मुलगा तेथे चाकावर वाकलेला असतो.